काळा गाऊन की पगडी? पदवीदानाच्या पोशाखाचा वाद नेमका काय आहे?

वर्षातून एकदा तुमच्या फीडवर हे फोटो येतातच. काळा किंवा मरून गाऊन, डोक्यावर चौकोनी टोपी, हातात गुंडाळी केलेला कागद, शेजारी आई-बाबा. कॅप्शनमध्ये पदवीचं नाव आणि खाली शंभरेक 'अभिनंदन'. बऱ्याचदा फोटोतल्या आईने एक मिनिटासाठी मुलीची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातलेली असते. त्या फोटोला सगळ्यात जास्त लाइक्स पडतात.

पण हा गाऊन आपला आहे का, असा प्रश्न गेली काही वर्षं सरकारी पत्रांतून, विद्यापीठांच्या बैठकांतून आणि सोशल मीडियावर सतत विचारला जातोय. कुणी म्हणतं, ही गुलामीची खूण आहे, फेकून द्या. कुणी म्हणतं, आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हा गाऊन घातला, तो आता का काढून घेताय? आणि गाऊन काढलाच तर त्या जागी काय, यावर तर महाराष्ट्रात चांगलंच रण माजलं होतं.

हा वाद कुठून सुरू झाला, गाऊन आला कुठून, आणि बदलायचाच असेल तर कोणते प्रश्न विचारायला हवेत, ते एकेक करून पाहू.

केंद्राचं पत्र काय होतं?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय शिक्षण संस्थांना एक पत्र पाठवलं. यात 'एम्स'सारख्या संस्थाही आल्या. पत्राचा मथितार्थ असा होता: दीक्षान्त समारंभातला काळा झगा आणि टोपी ही पद्धत मध्ययुगीन युरोपातली आहे, ब्रिटिशांनी ती आपल्या वसाहतींमध्ये आणली, आणि हा वसाहतवादी वारसा बदलायला हवा. त्यामुळे प्रत्येक संस्थेने ती ज्या राज्यात आहे, तिथल्या स्थानिक परंपरेवर आधारलेला भारतीय पोशाख तयार करावा आणि त्याचा प्रस्ताव मंजुरीसाठी मंत्रालयाकडे पाठवावा.

पत्रात 'पंच प्रण' या संकल्पनेचा आधार घेतला होता. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२२ च्या लाल किल्ल्यावरच्या भाषणात जे पाच संकल्प मांडले होते, त्यातला एक गुलामीच्या मानसिकतेतून बाहेर पडण्याचा होता.

पण हा विषय एकाच पक्षाचा किंवा एकाच सरकारचा आहे असं समजू नका. एप्रिल २०१० मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या दीक्षान्त समारंभात तेव्हाचे काँग्रेसचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच अंगावरचा गाऊन उतरवला होता. हा वसाहतवादाचा रानटी अवशेष आपण अजून का मिरवतो, असा त्यांचा सवाल होता. पुढे २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजे यूजीसीने विद्यापीठांना विनंती केली, की समारंभाचे झगे हातमागाच्या कापडाचे करावेत. कारणं दोन होती: भारतीय असल्याचा अभिमान, आणि आपल्या दमट, उष्ण हवेत हे कापड जास्त सोयीचं पडतं.

यातला फरक लक्षात घ्या. यूजीसीने कापड बदला असं सुचवलं. आरोग्य मंत्रालयाने पोशाखच बदला असं सांगितलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते.

हा झगा मुळात आला कुठून?

बाराव्या-तेराव्या शतकातल्या युरोपात चला. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इथे विद्यापीठं आकाराला येत होती. पॅरिस-ऑक्सफर्डमध्ये शिकणारे आणि शिकवणारे बहुतेक जण चर्चशी जोडलेले होते, म्हणजे एका अर्थाने धर्मसेवकच. त्यामुळे त्यांचे कपडेही तसेच, लांब आणि साधे. दगडी इमारतींमध्ये हिवाळ्यात कडाक्याची थंडी असायची, तेव्हा जाड झगा आणि डोक्यावर ओढता येईल असं टापर ही गरज होती, फॅशन नव्हती. १२२२ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी ऑक्सफर्डच्या धर्मसभेत धर्मसेवकांसाठी बंद झग्याचा नियम केला. विद्यापीठातल्या झग्याचा इतिहास सांगताना हाच टप्पा पहिल्यांदा सांगितला जातो.

पुढे शहरातल्या लोकांची फॅशन बदलत गेली, विद्यापीठातली मंडळी मात्र जुन्याच कपड्यांत राहिली. आज पाठीवर लोंबणारी ती रंगीत पट्टी, जिला 'हूड' म्हणतात, ती एकेकाळी खरोखर डोकं झाकायला होती. आता ती फक्त शोभेला उरली आहे. चौकोनी टोपीचं इंग्रजी नावही गंमतशीर आहे. गवंडी ज्या चौकोनी पाटीवर माल घेऊन गिलावा करतो, त्या पाटीवरून तिचं नाव पडलं.

अमेरिकेने या गोंधळाला शिस्त लावली. १८९५ मध्ये तिथल्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून एक संहिता बनवली. बाही कशी आहे यावरून बॅचलर, मास्टर की डॉक्टर ते कळतं. हूडच्या काठावरच्या रंगावरून विषय कळतो, म्हणजे विज्ञानाला सोनेरी पिवळा, वैद्यकशास्त्राला हिरवा, कायद्याला जांभळा, अभियांत्रिकीला नारिंगी. आतल्या अस्तरावरून विद्यापीठ ओळखता येतं. थोडक्यात, तो झगा म्हणजे अंगावर घातलेलं प्रमाणपत्रच असतं.

आणि टोप्या हवेत उडवण्याचं काय? त्याचा उगम बहुतेक जण १९१२ सालच्या अमेरिकन नौदल अकादमीत सांगतात. त्या वर्षी पदवीबरोबरच विद्यार्थ्यांना थेट अधिकारीपद मिळालं. शिकाऊ कॅडेटची जुनी टोपी आता लागणार नव्हती, म्हणून त्यांनी ती भिरकावून दिली. आपल्याकडे टोपी भाड्याची असते, त्यामुळे उडवून झाली की ती शोधत फिरावं लागतं.

भारतात गाऊन कधी आला?

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे तीन विद्यापीठं स्थापन झाली. तिघांचा आराखडा लंडन विद्यापीठावर बेतलेला होता. परीक्षा तिकडच्या धर्तीवर, पदव्यांची नावं तिकडची, आणि समारंभाचा थाटही तिकडचाच.

मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ सालचे. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक, असे चौघे. पुढे १८७४ मध्ये फोर्ट भागात सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह पूर्ण झालं. गॉथिक शैलीतली ही इमारत इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आखली. त्या सभागृहात शिरलात तर एखाद्या चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं. म्हणजे मंत्रालयाच्या पत्रातला इतिहास बरोबर आहे. गाऊन वसाहतीबरोबरच आला.

पण आपल्या लोकांनी तो जसाच्या तसा घेतला नाही. त्या काळातली छायाचित्रं पाहिलीत तर अंगावर झगा आणि डोक्यावर चौकोनी टोपीऐवजी पगडी, असा मेळ दिसतो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तर डोक्यावरची पगडी उतरवणं तेव्हा मानहानीचं वाटायचं म्हणून. वसाहतीचा झगा आणि घरची पगडी एकाच माणसाच्या अंगावर नांदत होती.

आनंदीबाईंचा तो फोटो

या चर्चेत सोशल मीडियावर एक फोटो हमखास फिरतो. तीन तरुणी, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. साडीतल्या आनंदीबाई जोशी, जपानी किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. 'बघा, आपल्या आनंदीबाई पदवीदानाला साडी नेसून गेल्या होत्या' अशी ओळ त्याखाली असते.

फोटो खरा आहे, ओळ चुकीची आहे. तो फोटो पदवीदानाचा नाही. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या एका स्वागत समारंभातला तो आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. बाकीच्या दोघींना तर पदव्या १८८९ आणि १८९० मध्ये मिळाल्या. त्यामुळे तिघींचा एकत्र पदवीदानाचा फोटो असूच शकत नाही.

तरीही तो फोटो या वादात महत्त्वाचा आहे. परक्या देशात, परक्या थंडीत आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता. कुणी परिपत्रक काढून त्यांना साडी नेसायला लावली नव्हती. आपली ओळख स्वतः निवडणं आणि ती कुणी ठरवून देणं, यातला फरक इथे दिसतो.

मग पुण्यात काय झालं होतं?

महाराष्ट्रात हा वाद खऱ्या अर्थाने पेटला तो जानेवारी २०१९ मध्ये. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने दीक्षान्त समारंभातला गाऊन बाजूला ठेवून कुर्ता-पायजमा, उपरणं आणि पुणेरी पगडी असा वेश ठरवला. गाऊन गेला याबद्दल फारशी तक्रार नव्हती. तक्रार पगडीबद्दल होती.

विद्यार्थी संघटनांचा प्रश्न सरळ होता: विद्यापीठाला नाव सावित्रीबाईंचं, मग डोक्यावर पुणेरी पगडी का? महात्मा फुले वापरायचे तसं पागोटं का नाही? समारंभाच्या दिवशी काही विद्यार्थी फुले पगडी घालून आले आणि त्यांनी निदर्शनं केली.

याला मागची पार्श्वभूमीही होती. जून २०१८ मध्ये पुण्यातल्या पक्षाच्या सभेत शरद पवारांनी यापुढे पुणेरी पगडीऐवजी फुले पगडीनेच सत्कार करा, असं जाहीरपणे सांगितलं होतं. तेव्हापासून पगडी हा राजकीय विषय झाला होता.

पुणेरी पगडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं, की ती शहराची ओळख आहे, २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, रानडे-गोखल्यांसारख्या सुधारकांनी ती घातली आहे. विरोधकांचं म्हणणं होतं, की अनेकांच्या मनात ती पगडी पेशवाईशी आणि एका विशिष्ट जातीशी जोडलेली आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओट्यावर बसू दिलं नाही, त्यांच्या नातवाने पदवी घेताना तीच पगडी समोर का पाहावी?

दोन्ही बाजूंना इतिहासात आधार सापडतो. आणि नेमकं म्हणूनच हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. परदेशी गाऊन काढल्यावर 'भारतीय' म्हणून जे येतं, ते सगळ्यांना सारखंच आपलं वाटेल असं नसतं.

'आपली परंपरा' म्हणजे कुणाची?

जुन्या भारतीय पद्धतीत शिक्षण पूर्ण झाल्याचा विधी होता. त्याला समावर्तन म्हणत, मराठीत आपण सोडमुंज म्हणतो. विद्यार्थी विधिपूर्वक स्नान करायचा, म्हणून तो 'स्नातक'. मग नवी वस्त्रं, पागोटं, छत्री, जोडे असा साज त्याला मिळायचा आणि तो घरी परतायचा. आज आपण पदवीधराला 'स्नातक' आणि समारंभाला 'दीक्षान्त' म्हणतो, ते शब्द या परंपरेतून आले आहेत.

पण हा विधी कुणासाठी होता? वेदाध्ययनाचा अधिकार असलेल्या वर्णांतल्या मुलांसाठी. बहुसंख्य समाजाला आणि जवळपास सगळ्या स्त्रियांना तो दरवाजा बंद होता. आज दीक्षान्त समारंभात बसलेल्या मुलामुलींपैकी अनेकांच्या घरात 'परत आणण्यासारखी' ही परंपरा कधी नव्हतीच.

उलट बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दोन फोटो आठवून बघा. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद एलएल.डी. दिली आणि जानेवारी १९५३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाने मानद डी.लिट. दोन्ही वेळी त्यांच्या अंगावर तो विद्यापीठीय झगा आहे. हे फोटो महाराष्ट्रात हजारो घरांच्या भिंतींवर, बुद्धविहारांत, वाचनालयांत लावलेले आहेत. त्या घरांमध्ये गाऊन म्हणजे राणीची आठवण नाही, बाबासाहेबांची आठवण आहे.

गाऊनची आणखी एक खुबी आहे. तो सगळं झाकतो. आत भारी पैठणी आहे की बाजारातला साधा ड्रेस, सूट आहे की मित्राचा मागून आणलेला शर्ट, बाहेरून कळत नाही. व्यासपीठावर चढताना कलेक्टरची मुलगी आणि ऊसतोड मजुराची मुलगी सारख्याच दिसतात. पदर, धोतर, पागोटं, साडीची नेसण या गोष्टींवरून आपल्याकडे गाव, जात, ऐपत सगळं वाचता येतं, आणि शतकानुशतकं ते वाचलं गेलंय. म्हणून ज्यांना ते वाचलं जाण्याचा त्रास झालाय, त्यांना गाऊन प्रिय असेल तर त्यांना गुलामी मनोवृत्तीचं ठरवणं घाईचं होईल.

म्हणजे गाऊनच ठेवायचा का?

तसंही नाही. गाऊनविरुद्धची कारणंही खरी आहेत.

पहिलं म्हणजे हवामान. थंडीसाठी बनलेला झगा आपण बहुतेक वेळा पॉलिएस्टरमध्ये शिवतो आणि घामाघूम होत घालतो. दुसरं, खर्च. कॉलेज स्तरावर गाऊन बहुधा कंत्राटदाराकडून भाड्याने येतात, वर अनामत रक्कम. एका दिवसाच्या फोटोसाठी हा पैसा जातो आणि कापड कुणाच्याच उपयोगाचं उरत नाही. तिसरं, अर्थ. अमेरिकेत बाहीवरून आणि रंगावरून पदवी वाचता येते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराकडे जो रंग असेल तो येतो. खुणेचा अर्थ गेला आणि नुसती नक्कल उरली.

आणि पर्याय असू शकतो, हे भारतातच अनेक वर्षांपासून दिसतंय. १९२० मध्ये गांधीजींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात, म्हणजे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठ या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत, खादी हाच पोशाख आहे. बनारस हिंदू विद्यापीठात साफा आणि उत्तरीय दिसतं. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीत तर पदवीबरोबर सप्तपर्णीचं, म्हणजे आपल्या सातवीणीचं पान देण्याची परंपरा आहे. याच झाडाच्या लाकडाच्या पाट्या मुलं लिहायला वापरत, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात 'स्कॉलरिस' हा शब्द आहे. एका पानात शिक्षण, निसर्ग आणि ती जागा, तिन्ही आलं. खर्च जवळपास शून्य.

बाकीच्या देशांनी काय केलं?

तीन उदाहरणं पाहू, कारण तिघांचे मार्ग वेगळे आहेत.

फिलिपिन्स विद्यापीठाने पाश्चात्त्य झगा सोडून 'सब्लाय' नावाचा लांब पट्टा स्वीकारला. तो खांद्यावरून घेतला जातो आणि त्यावर तिथल्या जुन्या बायबायिन लिपीतली अक्षरं विणलेली असतात. पदवी जाहीर झाली की सगळे जण तो उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतात. आत काय घालायचं याला बरीच मोकळीक आहे. इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: अख्खा पोशाख बदलण्याऐवजी त्यांनी एकच समाईक खूण बनवली, जी कुठल्याही एका जमातीची किंवा वर्गाची नाही.

अमेरिकेत मूलनिवासी समाजाच्या विद्यार्थ्यांना टोपीवर गरुडाचं पीस लावायचं असतं. काही शाळांनी ते गणवेशाच्या नियमाविरुद्ध म्हणून अडवलं आणि प्रकरणं न्यायालयांपर्यंत गेली. ओक्लाहोमा राज्यात २०२३ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरांचा नकाराधिकार मोडून असा कायदा केला, की पदवीदानाला जमातीची पारंपरिक चिन्हं घालण्यापासून विद्यार्थ्यांना अडवता येणार नाही. गाऊन राहिला, पण त्यावर स्वतःची ओळख लावायचा हक्क मिळाला.

आणि ज्यांच्याकडून आपण गाऊन घेतला त्या ऑक्सफर्डमध्ये? तिथे परीक्षेलासुद्धा गडद कपडे आणि झगा घालावा लागतो. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी यावर मतदान घेतलं. तीन चतुर्थांशांहून जास्त मतं हा पोशाख ठेवण्याच्या बाजूने पडली. त्यांचा एक युक्तिवाद आपल्या ओळखीचाच होता: झग्यात श्रीमंत-गरीब सारखे दिसतात. त्याआधी २०१२ मध्ये मुलांनी हे आणि मुलींनी ते घालावं ही लिंगानुसार विभागणी तिथे काढून टाकली गेली होती. परंपरा ठेवली, पण तिच्यातली अडचण दुरुस्त केली. आणि मुख्य म्हणजे, विद्यार्थ्यांना विचारलं.

हातमागाचं गणित

'देशी पोशाख आणा' या मागणीतला सगळ्यात भक्कम मुद्दा विणकरांचा आहे. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख विणकर आणि पूरक कामगार आहेत, आणि त्यात ७० टक्क्यांहून जास्त महिला आहेत. विद्यापीठांनी दरवर्षी ठरावीक मागणी नोंदवली तर या लोकांना हंगामाबाहेरही काम मिळेल.

पण इथे एक मेख आहे. हातमागावर एका माणसाच्या हातून दिवसाला काही मीटरच कापड निघतं. घाईघाईत हजारो उपरण्यांची निविदा काढली आणि सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम दिलं, तर माल येणार यंत्रमागावरचा किंवा सरळ सरळ छपाईचा. लेबल हातमागाचं, पैसा कंत्राटदाराचा. तसं होऊ नये म्हणून हातमाग चिन्ह तपासणं, विणकरांच्या सहकारी संस्थेला थेट मागणी देणं आणि निदान काही महिने आधी ती देणं, एवढं तरी करावं लागेल. शिवाय उपरणं परत घ्यायचं नाही. भाड्याचा गाऊन संध्याकाळी परत जातो. विकत घेतलेलं उपरणं घरी राहतं, आजीच्या खांद्यावर जातं, पुढच्या भावंडाच्या पदवीला पुन्हा निघतं.

नागपूरचं उदाहरण घेऊन बघा

आता मंत्रालयाच्या पत्राकडे परत येऊ. 'राज्याच्या स्थानिक परंपरेनुसार पोशाख' हे वाक्य वाचायला सोपं आहे. समजा, नागपूरच्या एम्सला हे करायचंय. स्थानिक म्हणजे काय धरायचं? विदर्भातल्या टसरची करवतकाठी? गोंडी नक्षी? की मराठी म्हटलं की पटकन आठवणारा फेटा आणि नऊवारी? विदर्भातला माणूस विचारेल, की आमच्यावर पुण्या-कोल्हापूरचं का लादताय?

त्यात या संस्थांमध्ये विद्यार्थी देशभरातल्या प्रवेश परीक्षेतून येतात. मणिपूरची, केरळची, राजस्थानची मुलगी नागपुरात डॉक्टर झाली. तिच्यासाठी नागपूरचा पोशाख तिथल्या वर्षांची गोड आठवण असू शकतो, किंवा आणखी एक परका गणवेश. ती कुठल्या भावनेने तो घालेल हे ठरवताना तिला विचारलं होतं की नाही, यावर बरंच अवलंबून आहे.

मग निर्णय कसा घ्यावा?

एखाद्या विद्यापीठात किंवा कॉलेजात पोशाख बदलायची चर्चा सुरू झाली, तर चार प्रश्न विचारून बघा.

एक, हा पोशाख घालताना कुणाला कमीपणा वाटेल का? वाटत असेल तर तो कितीही जुना असला तरी समाईक खूण होऊ शकत नाही.

दोन, मुलगा, मुलगी, तृतीयपंथी, व्हीलचेअरवरचा विद्यार्थी, हिजाब किंवा पगडी घालणारा विद्यार्थी, सगळ्यांना तो सहज घालता येईल का? मुलांना कुर्ता आणि मुलींना 'फक्त साडी' असा नियम असेल, तर तो परंपरेच्या नावाने मुलींना लावलेला जादा नियम आहे.

तीन, खर्च कुणाचा आणि फायदा कुणाचा? विद्यार्थ्याच्या खिशातून निघालेला पैसा विणकराकडे जातोय की मधल्या माणसाकडे?

चार, कुणी ठरवलं? कुलगुरूंच्या दालनात पाच जणांनी, की विद्यार्थी परिषदेला, पहिल्या पिढीतल्या पदवीधरांना, स्थानिक कारागिरांना बोलावून?

या चार प्रश्नांची उत्तरं बरी आली तर गाऊन गेल्याचं दुःख फार थोड्यांना होईल. हातमागाचं एक उपरणं, त्यावर विद्यापीठाची खूण, शाखेनुसार काठाचा रंग, आणि आत ज्याचे त्याचे नीटनेटके कपडे, एवढ्यानेही काम भागू शकतं. ज्याला गाऊन हवाच आहे त्याला तो सुती कापडाचा मिळावा, एवढी मोकळीक ठेवली तर काही बिघडत नाही.

एवढं महत्त्व एका कपड्याला का?

कारण पदवीचं बाकी सगळं आता पडद्यावर गेलंय. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आहे, प्रमाणपत्र डाउनलोड करता येतं, निकाल मोबाइलवर लागतो. अनेक विद्यापीठांच्या मुख्य समारंभात पीएचडीवाले आणि सुवर्णपदकवालेच व्यासपीठावर जातात, बाकीच्यांचं पदवी वितरण आपापल्या कॉलेजात होतं. अशा वेळी घरच्यांच्या हातात उरतो तो एक फोटो.

तो फोटो पुढची चाळीस वर्षं दिवाणखान्यात लागणार आहे. गावाकडून पहिल्यांदा विद्यापीठात आलेली आई त्यात उभी असणार आहे. पोशाख कुठल्या देशातून आला याची चर्चा जरूर व्हावी. पण त्या आईला आपल्या मुलीकडे बघून 'ही आपली, आणि आता हिला कुणी अडवू शकत नाही' असं वाटलं पाहिजे. जो पोशाख एवढं करू शकेल, तो भारतीयच म्हणायचा.